गेमिंग माऊस-कीबोर्डच्या फर्मवेअर टीममधलं काम : एका मिलिसेकंदाचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये तीन वर्षं एम्बेडेड सी (उपकरणांतल्या चिपसाठी सी भाषेतला कोड) लिहिलं आहे. आता गेमिंग माऊस आणि कीबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर टीममध्ये जायचा विचार आहे. तिथे दिवसभर काय काम असतं, आधीच्या कामापेक्षा वेगळं काय, आणि तयारी काय करावी?

आधी एक गैरसमज दूर करू. या टीममध्ये गेम फारच थोडे खेळले जातात. खेळतात ते टेस्टिंगवाले, आणि त्यांनाही एकाच नकाशातला एकच कोपरा दोनशे वेळा वळून दाखवावा लागतो. बाकीच्यांच्या टेबलावर लॉजिक अॅनालायझर (तारांवरचे सिग्नल वेळेसकट टिपणारं यंत्र), उघडे पडलेले माऊस आणि वायरी असतात. वाहनाच्या कंट्रोलरमध्ये १० मिलिसेकंदांच्या टास्कमध्ये बरंच काही आरामात बसतं. इथे मोजमापाचं एकक १ मिलिसेकंद, आणि वरच्या किमतीच्या मॉडेलमध्ये १२५ मायक्रोसेकंद. दिव्यांचं काम असो, बॅटरीचं असो की सेटिंग साठवण्याचं, प्रत्येक भांडण अखेर 'माझ्या मिलिसेकंदातला वाटा कोण खातंय' इथेच येऊन थांबतं.

हा आकडा येतो यूएसबीमधून. यूएसबीवर माऊस आपणहून बोलत नाही. कॉम्प्युटर विचारतो तेव्हाच तो उत्तर देतो. फुल-स्पीडला, म्हणजे १२ मेगाबिटला, हा विचारण्याचा फेरा दर १ मिलिसेकंदाला होतो, म्हणून कमाल १००० हर्ट्झ. हाय-स्पीडला, म्हणजे ४८० मेगाबिटला, तो १२५ मायक्रोसेकंदांना होतो, म्हणून ८००० हर्ट्झ. त्यामुळे खोक्यावर '८के' छापायचं ठरलं की फर्मवेअरमधला, म्हणजे माऊसच्या चिपवरच चालणाऱ्या प्रोग्राममधला, एक आकडा बदलून भागत नाही, चिपच बदलावी लागते. वायरलेस माऊसमध्ये सर्रास दिसणारी नॉर्डिकची एनआरएफ५२८४० घ्या : ६४ मेगाहर्ट्झ, १ मेगाबाइट फ्लॅश, २५६ किलोबाइट रॅम, सगळं झकास, पण यूएसबी फुल-स्पीडच. डोंगलला, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या रिसीव्हरला, ८००० हर्ट्झ हवे असतील तर तिथे दुसरी चिप येते.

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे डिव्हाइस कॉम्प्युटरला देतं त्या स्वतःच्या ओळखपत्रात, पोलिंगचा (विचारण्याच्या फेऱ्याचा) कालावधी लिहायचा एक बाइट असतो. फुल-स्पीडवर तो थेट मिलिसेकंदांत वाचला जातो. ८ लिहिलं की १२५ हर्ट्झ. हाय-स्पीडवर तोच बाइट दोनचा घात म्हणून वाचतात : २ चा (न−१) वा घात, गुणिले १२५ मायक्रोसेकंद. म्हणजे जुन्या प्रोजेक्टमधला ८ तसाच चिकटवला तर १२८ गुणिले १२५, म्हणजे १६ मिलिसेकंद, साडेबासष्ट हर्ट्झ. महागड्या बोर्डवर ऑफिसातल्या साध्या माऊसपेक्षा संथ कर्सर, आणि कोड दिसायला अगदी बरोबर.

आता कीबोर्ड जवळून पाहू, कारण वाटा कसा खाल्ला जातो ते इथे स्वच्छ दिसतं. १०४ की एका जाळ्यात बांधलेल्या असतात, समजा ६ ओळी आणि १८ स्तंभ. फर्मवेअर एकेक स्तंभ चालू करतं आणि सहा ओळी वाचतं. स्तंभ बदलल्यावर आधीच्या रेषेवरचा विद्युतभार उतरायला काही मायक्रोसेकंद लागतात. ५ मायक्रोसेकंद थांबलात तर पूर्ण फेरी ९० मायक्रोसेकंदांत होते. थांबला नाहीत तर एक की दाबली असता शेजारच्या स्तंभातलीही दाबल्यासारखी दिसते. ही चूक तुमच्या टेबलावरच्या नमुन्यात कधीच दिसत नाही. दुसऱ्या कारखान्यातून आलेल्या, जरा लांब ट्रॅकच्या बोर्डवर दिसते, आणि मग हार्डवेअरवाले फर्मवेअरकडे आणि फर्मवेअरवाले हार्डवेअरकडे बोट दाखवतात. ऑसिलोस्कोपवर रेषा किती वेळात खाली येते ते मोजा, त्याच्या दुप्पट थांबा, वाद मिटतो.

मग येतात दिवे. प्रत्येक कीखाली लाल-हिरवा-निळा असे तीन एलईडी. लुमिसिलची आयएस३१एफएल३७३३ ही नेहमीची ड्रायव्हर चिप १९२ एलईडी चालवते, म्हणजे ६४ की. १०४ कीना दोन चिप लागतात. आयटूसी बस (चिपांनी आपसात बोलायची तारांची वाट) ४०० किलोहर्ट्झवर असेल तर १९२ बाइट, प्रत्येकी ९ बिट, म्हणजे १७२८ बिट : एका चिपला ४.३ मिलिसेकंद, दोघींना ८.६. ॲनिमेशन सेकंदाला ३० वेळा बदलतं, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी एकदा. हे लिखाण मुख्य लूपमध्ये ठाण मांडून, म्हणजे ते संपेपर्यंत दुसरं काही न करता, केलं तर प्रत्येक ३३ मिलिसेकंदांतले ८.६ कीबोर्ड चक्क बहिरा असतो. चारातली एक की उशिरा पोचते.

गंमत म्हणजे ही चूक चाचण्यांतून सुखरूप सुटते. टेस्टिंगवाले लॅग (उशीर) मोजताना दिवे एकाच स्थिर रंगावर ठेवतात, आणि रंग बदलत नसेल तर चिपला काही लिहावंच लागत नाही. शिवाय अहवालात सरासरी असते. सरासरी ३ मिलिसेकंद छान दिसते, कमाल १२ कुणी विचारत नाही. त्यामुळे या टीममध्ये सरासरीवर विश्वास ठेवू नका. कमाल आणि ९९ वा पर्सेंटाइल (शंभरात नव्याण्णव वेळा उशीर ज्याच्या आत राहतो तो आकडा) मागा, आणि मोजताना सर्वांत भडक ॲनिमेशन चालू ठेवा. दुरुस्ती अशी : की वाचणं टायमर इंटरप्टवर (ठरल्या वेळी बाकी काम थांबवून चालणाऱ्या कोडवर) टाका, दिव्यांचं लिखाण डीएमएला (प्रोसेसरला न अडवता माहिती हलवणाऱ्या भागाला) द्या, आणि बदललेल्या ओळीच पाठवा. तीन दिवसांचं काम आहे. वेळापत्रकात ते 'ऑप्टिमायझेशन' नावाने सगळ्यात शेवटी टाकलेलं असतं, हे दुखणं वेगळं.

डीबाउन्स, म्हणजे स्विचची थरथर गाळणं, हा इथला रोजचा शब्द. यांत्रिक स्विचचे पत्रे एकमेकांवर आदळले की काही काळ थरथरतात. चेरी एमएक्सच्या माहितीपत्रकात ही थरथर ५ मिलिसेकंदांच्या आत सांगितलेली आहे. ती ओसरेपर्यंत थांबून मग की कळवली तर ५ मिलिसेकंद फुकट गेले. पहिल्याच स्पर्शाला की कळवून पुढचे ५ मिलिसेकंद कान बंद केले तर उशीर शून्य, पण स्थिर विजेची एक ठिणगीही की समजली जाते. बहुतेक टीम मधला मार्ग धरतात : दाबताना घाई, सोडताना धीर. एवढं करूनही झिजलेला स्विच वर्षभराने ५ ऐवजी १५ मिलिसेकंद थरथरतो आणि 'एक क्लिक केलं की दोन होतात' ही तक्रार येते. अशा वेळी डीबाउन्स वाढवण्याचा पर्याय ॲपमध्ये द्यावा की नाही यावर दर वर्षी बैठक होते. माझ्या मते द्यावा. ग्राहकाचा माऊस वाचतो आणि परत येणारी खोकी कमी होतात.

चुंबकीय स्विचमध्ये ही थरथर नाही, कारण संपर्कच नाही; हॉल सेन्सर कीची खोली आकड्यात सांगतो. पण तिथे प्रत्येक कीचं कॅलिब्रेशन, तापमानाने सरकणारा शून्य आणि शेजारच्या चुंबकाचा प्रभाव असे नवे तीन पाहुणे घरात येतात.

माऊसचा हिशोब निराळा. पिक्सआर्टचा पीएमडब्ल्यू३३६० हा गाजलेला सेन्सर उदाहरणाला घेऊ. तो एसपीआय बसवर (चिपांनी बोलायची आणखी एक वाट) जास्तीत जास्त २ मेगाहर्ट्झने बोलतो. हालचाल वाचण्यासाठी पत्ता पाठवायचा, ३५ मायक्रोसेकंद थांबायचं आणि १२ बाइट वाचायचे : ४ अधिक ३५ अधिक ४८, एकूण ८७ मायक्रोसेकंद. १००० हर्ट्झवर हे चणे-फुटाणे. पण हाच कोड ८००० हर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये नेला तर १२५ पैकी ३८ उरतात, आणि त्यात रेडिओ, बटणं, चाक सगळं बसवायचं. पहिल्या सहा बाइटांतच स्थिती आणि दोन्ही अक्षांची हालचाल असते. तेवढे वाचून चिप-सिलेक्ट (संवाद सुरू-बंद करणारी रेषा) वर उचला, २४ मायक्रोसेकंद परत मिळाले.

याच सेन्सरला चालू होताना ४०९४ बाइटांचं स्वतःचं फर्मवेअर बाहेरून भरावं लागतं. ते त्याच्या रॅममध्ये राहतं. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालत आलेल्या माणसाने माऊसला हात लावला, ठिणगी बसली, सेन्सर रीसेट झाला आणि ते पुसलं गेलं, पण मुख्य चिपला पत्ताच नाही. तक्रार येते : 'कर्सर मेला, बटणं चालू, वायर काढून घातली की ठीक.' इतकी नेमकी तक्रार क्वचितच मिळते, तिचं सोनं करा. सेन्सरमध्ये भरलेल्या फर्मवेअरच्या ओळखीचा रजिस्टर दर सेकंदाला एकदा वाचायचा आणि चुकीचा आला की भरणं पुन्हा सुरू करायचं. ही तीस ओळींची पहारेदारी टीमच्या सामाईक ड्रायव्हरमध्येच असली पाहिजे. प्रत्येक प्रोजेक्टने ती नव्याने लिहिली तर दर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये विसरली जाते.

आणखी एक जुना सापळा. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या प्रोग्राममध्ये) वापरायच्या साध्या माऊस रिपोर्टमध्ये, म्हणजे माऊसने कॉम्प्युटरला दिलेल्या एका उत्तरात, प्रत्येक अक्षाला ८ बिट असतात, म्हणजे अधिक-उणे १२७. आता १६०० डीपीआयवर (एका इंचाला १६०० मोजण्या) हात सेकंदाला १ मीटर वेगाने फिरवा : सेकंदाला ६३,००० मोजण्या, १२५ हर्ट्झवर प्रत्येक रिपोर्टमध्ये ५०४. ते सीमध्ये सरळ ८ बिटांत कोंबलं तर ५०४ चे खालचे आठ बिट उणे ८ होतात. हात उजवीकडे, कर्सर डावीकडे. म्हणून मुख्य रिपोर्ट १६ बिटांचा ठेवतात, आणि ८ बिटांच्या वाटेवर १२७ ला कापून उरलेलं पुढच्या रिपोर्टमध्ये जोडतात. 'उरलेलं पुढे जोडा' हा नियम सगळीकडे पाळा. बफर रिकामा नसेल तर हालचाल फेकून देणारा कोड वाचताना निरुपद्रवी वाटतो, पण खेळणाऱ्याला लगेच कळतं की तेवढाच हात फिरवून निशाणा दर वेळी वेगळ्या जागी जातोय.

वायरलेसमध्ये पहिला प्रश्न असतो, ब्लूटूथ का नको? ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये दोन भेटींमधलं प्रमाणित किमान अंतर वर्षानुवर्षं, २०२५ पर्यंत, ७.५ मिलिसेकंद होतं, म्हणजे सेकंदाला १३३. म्हणून कंपन्या २.४ गिगाहर्ट्झवर स्वतःचा प्रोटोकॉल लिहितात आणि सोबत डोंगल देतात. तो लिहिताना दोन गोष्टी पक्क्या धरा. हवेत पॅकेट हरवणारच. त्यामुळे 'की सुटली' हा प्रसंग एकदाच पाठवून मोकळं होऊ नका. दर पॅकेटमध्ये सगळ्या कींची पूर्ण स्थिती पाठवा. आणि संपर्क तुटला तर डोंगलने ठरावीक वेळेनंतर स्वतःच 'सगळ्या की सुटल्या' असं कॉम्प्युटरला कळवायचं. हे नसेल तर बॅटरी संपताना दाबलेली डब्ल्यू की तशीच अडकते आणि गेममधला गडी भिंतीला डोकं लावून चालत राहतो.

अधूनमधून माऊस अडखळतो, या तक्रारीत फर्मवेअर उघडण्याआधी डोंगल कुठे लावला आहे ते विचारा. यूएसबी ३.० च्या पोर्ट आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो; इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. कॅबिनेटच्या मागे, बाहेरच्या हार्ड डिस्कच्या केबलशेजारी खोचलेला डोंगल म्हणजे रेल्वे फलाटावर कुजबुजणं. खोक्यात एक-दीड मीटरची एक्स्टेन्शन केबल देतात ती याचसाठी.

सुरक्षेचा धडा २०१६ चा आहे. 'माऊसजॅक' नावाने प्रसिद्ध झालेल्या त्रुटीत अनेक कंपन्यांचे डोंगल बाहेरून आलेली, एन्क्रिप्ट न केलेली की-पॅकेट स्वीकारत होते. दूरवर बसलेला माणूस तुमच्या कॉम्प्युटरवर टाइप करू शकत होता. मुळाशी दोन चुका होत्या : माऊसची हालचाल गुप्त कशाला ठेवायची हा विचार, आणि माऊस म्हणून जोडलेल्याकडूनही कीबोर्डचं पॅकेट घेणं. आता कारखान्यातच जोडीला स्वतंत्र एईएस (एन्क्रिप्शनची) किल्ली लिहितात, पॅकेटला चढता क्रमांक देतात आणि जोडलेल्या प्रकाराबाहेरचं पॅकेट टाकून देतात.

बॅटरीबद्दल थोडक्यात. ३०० मिलिअँपियर-तासांची बॅटरी आणि सरासरी ४ मिलिअँपियर खर्च म्हणजे ७५ तास. दिव्यांनी त्यात १५ मिलिअँपियर घातले की १६ तासांच्या आत खेळ आटोपला. मार्केटिंगला दिवेही हवेत आणि ७५ तासही. खोक्यावर 'दिवे बंद असताना' हे तीन शब्द बारीक अक्षरांत छापून घेणं ही टीमलीडची जबाबदारी. खरी फजिती झोपेतल्या विजेची. एखाद्या चाकाच्या वा स्विचच्या पिनवर १० किलोओहमचा पुलअप (पिनला बॅटरीच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारा रोध) आहे आणि स्विच नेमका पिन ग्राउंडला जोडून थांबला, तर ३ व्होल्टला ०.३ मिलिअँपियर गळत राहतात. १००० तासांत, म्हणजे ४१-४२ दिवसांत, बॅटरी संपते, आणि माल जहाजाने येऊन गोदामात पडून राहायला त्याहून जास्त काळ लागतो. खोकं उघडलं की माऊस मेलेला. म्हणून कारखान्यातून निघताना शिप मोड लावतात : केबल जोडेपर्यंत किंवा स्विच फिरवेपर्यंत जवळजवळ सगळं बंद. हे पॉवर प्रोफायलरवर मायक्रोअँपियरमध्ये मोजून बघा. साधा मल्टिमीटर इथे फसवतो, कारण मधूनच जागं होणारी चिप त्याच्या सरासरीत नीट सापडत नाही.

वायरवरच्या कीबोर्डला विजेचं दुसरंच दुखणं असतं. १०४ कींच्या तिन्ही एलईडींना पूर्ण २० मिलिअँपियर दिले तर ६.२ अँपियर होतात, आणि यूएसबी २.० चा पोर्ट देतो ५०० मिलिअँपियर. म्हणून फर्मवेअर प्रत्येक चित्राची बेरीज करून तेज खाली ओढतं. सर्वांत वाईट रंग पांढरा. चाचणी पांढऱ्यावर, स्वस्त हबवर आणि जुन्या लॅपटॉपवर करायची. नाहीतर व्होल्टेज खाली बसतं, कीबोर्ड तुटून पुन्हा जोडला जातो आणि बग 'फर्मवेअर क्रॅश' म्हणून तुमच्या नावावर चढतो. कॉम्प्युटर झोपला की एकूण खर्च २.५ मिलिअँपियरच्या आत आणावा लागतो. दिवे तेव्हा विझलेच पाहिजेत, कितीही सुंदर दिसत असले तरी.

सेटिंग साठवण्यातली चूक तर जवळजवळ प्रत्येक नवी टीम एकदा करते. ॲपमध्ये तेजाची सरकपट्टी असते. ती ओढताना ॲप सेकंदाला ३० वेळा नवा आकडा पाठवतं आणि फर्मवेअर प्रत्येक आकडा फ्लॅशमध्ये लिहितं. अशा चिपच्या फ्लॅशचं एक पान साधारण १०,००० वेळा पुसता येतं. १०,००० भागिले ३०, म्हणजे ३३३ सेकंद : साडेपाच मिनिटं पट्टी खेळवली की पान झिजलं. शिवाय पान पुसताना अनेक चिप काही मिलिसेकंद फ्लॅशमधला कोड चालवूच शकत नाहीत, म्हणजे आपला मिलिसेकंद पुन्हा खाल्ला. उपाय सोपा आहे. बदल लगेच रॅममध्ये लागू करा, फ्लॅशमध्ये शेवटच्या बदलानंतर दोन सेकंद शांतता झाल्यावरच लिहा. लिहिताना तेच पान न पुसता पुढच्या रिकाम्या जागी लिहा, आणि प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक व सीआरसी (माहिती बिघडली का ते सांगणारा तपासणीचा आकडा) द्या. आवृत्ती क्रमांक नसेल तर पुढच्या फर्मवेअरमध्ये रचना बदलली की ग्राहकाचे मॅक्रो (एका कीवर बसवलेल्या कींच्या मालिका) कचरा होतात. हातावर बसलेली सेटिंग गेली याचा राग माणूस वर्षभर विसरत नाही.

अपडेटचा एकच नियम : मधेच केबल ओढली तरी डिव्हाइस उठलं पाहिजे. बूटलोडर (फर्मवेअर भरणारा आणि सुरू करणारा छोटा प्रोग्राम) वेगळा, कुलूपबंद, आणि फर्मवेअरवरची सही तपासणारा. जागा असेल तर जुनी प्रत शाबूत ठेवून नवी शेजारी उतरवायची. वायरलेसमध्ये माऊस आणि डोंगल दोघांचं अपडेट असतं. एक नवा, एक जुना अशी जोडीही निदान कर्सर हलवण्यापुरती चालली पाहिजे. ते नसेल तर अपडेट अर्धवट राहिलेल्या माणसाला 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण दाबायलाही माऊस नसतो.

विंडोजबाबत एक छोटी पण दिवस वाचवणारी गोष्ट. रिपोर्ट डिस्क्रिप्टरमध्ये बिटांची बेरीज ८ च्या पटीत आली नाही किंवा त्यातला एखादा गट (कलेक्शन) बंद करायचा राहिला, की डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड १०' दिसतो, यापलीकडे काही कळत नाही. लिनक्सवर तोच बोर्ड लावून कर्नलचा लॉग वाचा, जास्त सांगतो. विंडोज काही माहिती कंपनी क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि आवृत्ती या तिघांच्या जोडीवर लक्षात ठेवतं. दुरुस्त केलेला डिस्क्रिप्टर 'लागतच नाही' असं वाटलं तर आवृत्ती क्रमांक एकने वाढवून बघा.

डेस्कटॉप ॲपची टीम सहसा फर्मवेअरपेक्षा मोठी असते, आणि तिचं ओझंही मोठं. दहा वर्षांतली सगळी मॉडेल एकाच ॲपमध्ये चालवायची असतात. फर्मवेअरवाल्याने त्यांच्याशी ठरवायचा प्रोटोकॉल कंटाळवाणा ठेवावा : आज्ञा, लांबी, माहिती, सीआरसी, आणि 'तुला काय काय येतं' असं विचारायची एक आज्ञा. ही शेवटची आज्ञा नसेल तर ॲपमध्ये मॉडेलच्या नावांच्या शंभर अटी साचतात.

ॲप उच्चाधिकाराने चालतं, म्हणून त्याच्या चुका महाग पडतात. २०२१ मध्ये रेझर या गेमिंग कंपनीचा माऊस नुसता विंडोजला लावला की आपोआप सुरू होणाऱ्या इन्स्टॉलरमधून सामान्य वापरकर्ता सर्वोच्च अधिकाराची खिडकी उघडू शकतो हे उघड झालं. पंखे आणि दिवे चालवणाऱ्या बऱ्याच ॲपच्या पोटात असलेल्या विनरिंग० या कर्नल ड्रायव्हरला मार्च २०२५ मध्ये विंडोज डिफेंडर पकडू लागला आणि अनेकांची ॲप एका रात्रीत लंगडी झाली. त्यामुळे कर्नल ड्रायव्हर टाळता येत असेल तर टाळा. माऊस-कीबोर्डला तो सहसा लागत नाही, एचआयडीचा (माऊस-कीबोर्डसारख्या उपकरणांच्या यूएसबी प्रमाणाचा) फीचर रिपोर्ट, म्हणजे सेटिंगची देवाणघेवाण करणारा संदेश, पुरतो. क्रोममध्ये २०२१ पासून वेबएचआयडी (वेबपानाला अशा उपकरणांशी बोलू देणारी सोय) आहे, त्यामुळे काही कंपन्या आता सगळी सेटिंग वेबपानावरूनच देतात. दिव्यांसाठी विंडोज ११ ने २०२३ मध्ये डायनॅमिक लायटिंग आणलं. त्याखालचा लॅम्पअरे हा एचआयडी प्रमाणाचा भाग आहे आणि नव्या उत्पादनात सुरुवातीपासून घालणं स्वस्त पडतं.

काय बनवता येतं आणि काय चालतं यातला फरकही कळायला हवा. २०२४ मध्ये रेझरने कीबोर्डवर 'स्नॅप टॅप' आणलं : ए दाबलेली असताना डी दाबली की ए आपोआप सुटल्यासारखी होते, दिशा तत्काळ बदलते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने आपल्या काउंटर-स्ट्राइक २ या गेमच्या अधिकृत सर्व्हरवर अशा सोयीवर बंदी घातली. वापरणारा सामन्यातून बाहेर फेकला जातो. कोडच्या दृष्टीने हे वीस ओळींचं काम. त्या वीस ओळी डीफॉल्ट बंद ठेवायच्या, चालू आहे हे कीबोर्डवर दिसेल असं करायचं आणि एका कीने बंद करता यायला हवं, हे ठरवण्यात जास्त वेळ जातो.

कॅलेंडर कारखान्याचं चालतं, हे वाहन उद्योगातून आलेल्याला ओळखीचं वाटेल, फक्त वर्षांच्या जागी महिने असतात. ईव्हीटीला, म्हणजे पहिल्या नमुन्यांच्या चाचणीला, दहा-वीस बोर्ड येतात, त्यातले चार मुळातच बिघडलेले. डीव्हीटीला, म्हणजे रचनेच्या चाचणीला, खरं प्लास्टिक, रेडिओच्या आणि स्थिर विजेच्या चाचण्या. पीव्हीटी, म्हणजे उत्पादनाची चाचणी, थेट कारखान्याच्या लाइनवर, काही शे नग. चिनी नववर्षाला, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, कारखाने दोन-तीन आठवडे बंद होतात, आणि परत येणाऱ्या कामगारांत नवे बरेच असतात. ज्या टीमने पीव्हीटी सुट्टीच्या आदल्या आठवड्यात ठेवली तिने खरं तर मार्चमध्ये ठेवली. तैपेई आणि शेनझेन भारताच्या अडीच तास पुढे आहेत. पुण्यातून सकाळी साडेसातचा फोन म्हणजे तिकडे दहा. संध्याकाळ मात्र तुमची मोकळी राहते, जोवर कॅलिफोर्निया त्यात नाही तोवर.

कारखान्यासाठीचं चाचणी फर्मवेअर हे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत कामाचं. लाइनवर एका नगाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास मिळतो. त्यात प्रत्येक की, प्रत्येक दिवा, रेडिओची ताकद, बॅटरीचं वाचन, अनुक्रमांक आणि जोडीची किल्ली लिहिणं, सगळं आलं. इथे चुकणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत : दोन नगांना एकच अनुक्रमांक, चाचणी मोड तसाच चालू राहिलेला माल, डीबग पोर्टला कुलूप न लावणं, आणि तीन कींच्या सोप्या जोडीने उघडणारा चाचणी मोड जो ग्राहकाला खेळता खेळता सापडतो.

तयारीसाठी महागडं काही लागत नाही. रास्पबेरी पाय पिको ही छोटी मायक्रोकंट्रोलर पाटी घ्या. तिचं यूएसबी फुल-स्पीड आहे, १००० हर्ट्झपर्यंत पुरेसं. टायनीयूएसबी लायब्ररीवर चार कींचा छोटा कीबोर्ड लिहा. डिस्क्रिप्टर स्वतः हाताने लिहा, नकलू नका. मग की दाबल्याचा इंटरप्ट आला की एक पिन वर करा, रिपोर्ट गेला की खाली. स्वस्त लॉजिक अॅनालायझरने हजार दाबांचा आलेख काढा. आता त्यात डब्ल्यूएस२८१२ ची दिव्यांची पट्टी मुद्दाम ठाण मांडून चालवा आणि आलेखाची शेपूट कशी लांबते ते बघा. मग ती आखडून दाखवा. वायरशार्कमध्ये यूएसबीची वाहतूक वाचायला शिका. क्यूएमके आणि झेडएमके या खुल्या फर्मवेअरमधला डीबाउन्सचा कोड वाचा. क्यूएमकेमध्ये पाच-सहा पद्धती शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत, एवढं चांगलं पाठ्यपुस्तक दुसरं नाही. मुलाखतीला हे दोन आलेख घेऊन गेलात तर अर्ध्या तासाचे प्रश्न तिथेच आटपतात.

तुम्हीही त्यांना विचारा. टीमकडे यूएसबी प्रोटोकॉल अॅनालायझर आहे का, की एक आहे आणि तो तैपेईत आहे? ईव्हीटीचे किती बोर्ड भारतात येतात, आणि कस्टममधून सुटायला किती दिवस लागतात? कारखान्याचं चाचणी फर्मवेअर तुम्ही लिहिता की कंत्राटदार? मागच्या उत्पादनाला बाजारात आल्यावर किती महिने अपडेट मिळाले? लॅगचा अहवाल दाखवता येत असेल तर त्यात कमाल आकडा लिहिलेला आहे का, ते बघा.